रविवारी मिक्सर लावायचा की नाही?

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या जॉबमुळे आम्ही पुण्याहून म्युनिकला आलोय, मुलगी तीन वर्षांची. रविवारी सगळी दुकानं बंद, इडलीचं वाटायला मिक्सर लावला तर खालच्या आजी तक्रार करायला वर आल्या, लेकीला किटात (म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत) घालायचं तर म्हणे मोठ्यांनी पण तिथेच बसायचं, आणि रात्री ताप चढला तर कुठे धावायचं तेच कळत नाही. जाम वैताग आलाय.

उत्तर: अगं, आजींवर चिडू नकोस, जर्मनीत रविवार म्हणजे शांततेचा वार, ड्रिल मारणं सोड, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायलाही बंदी. वाटण, दूध, ब्रेड सगळं शनिवारीच उरकायचं, अगदीच अडलं तर मेन स्टेशनातली दुकानं उघडी असतात. रोज रात्री 10 नंतरही आवाज नको.

किटाचं म्हणशील तर मला ती पद्धत आवडते बाई. आधी तासभर तुम्ही सोबत बसायचं, मग पाच-दहा मिनिटं बाहेर, मूल रुळेल तसं वाढवत न्यायचं, आपल्याकडे गेटवर रडतं पोर सोडून पळतात त्यापेक्षा लाख पटीनं बरं. आणि हे काम आईचंच असं काही नाही, नवऱ्याला टाकू दे की सुट्टी!

तापाचं मात्र आजच बघ. मुलांचा डॉक्टर आत्ताच गाठ, मोठ्या शहरात नवे पेशंट पटकन घेत नाहीत. दवाखाने बंद असताना 116117 लाव, जिवावरचं असेल तर थेट 112. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटव.