‘प्रूफ सुरूच करता येत नाही’: डिस्क्रीट मॅथ्सची धास्ती

संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची काळजी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (पूर्ण संख्या, संच, आलेख अशा सुट्या घटकांचे गणित) या एकाच विषयाभोवती फिरत असते. बारावीला गणितात उत्तम गुण होते, पहिल्या वर्षी कलनही (कॅल्क्युलस) निभावले, पण इथे सिद्धतेची, म्हणजे प्रूफची, सुरुवातच सुचत नाही. मग ही शाखा आपल्यासाठी नव्हतीच का, असा प्रश्न त्यांना छळू लागतो. काटोल परिसरातून नागपुरात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचा अनुभव त्यासाठी सांगते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या चाचणीत नापास झाल्यावर तो आला. “मॅडम, मी सगळे प्रूफ पाठ करून राहिलो, पण पेपरात प्रश्न थोडा बदलला की पेनच चालत नाही,” असे तो म्हणाला. निकाल त्याने बाबांना कळवला नव्हता. अशा वेळी गणिताकडे वळण्याआधी मी झोप आणि जेवण यांची चौकशी करते, आणि जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारते. उत्तर होकारार्थी असेल तर अभ्यासाची चर्चा थांबवून मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवाही रात्रंदिवस उपलब्ध आहे. त्याची भीती मात्र या विषयापुरतीच होती.

वहीत सिद्धता अक्षरशः उतरवलेल्या होत्या, पण एकही व्याख्या लहानशा उदाहरणावर तपासून पाहिलेली नव्हती. यात त्याच्या बुद्धीचा दोष नव्हता. प्रवेश परीक्षांच्या तयारीत योग्य सूत्र ओळखून उत्तर काढण्याची सवय लागते, तर या विषयात सिद्ध करायचे विधान प्रश्नातच दिलेले असते आणि ते खरे का आहे, एवढेच विचारलेले असते. अभ्यासाची रीतच इथे बदलते, हे विद्यार्थ्यांना आरंभी कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्याची सर्वांत मोठी अडचण गणिती विगमनाची (इंडक्शन) होती. या पद्धतीत विधान पहिल्या संख्येसाठी तपासतात, आणि मग ते एका संख्येसाठी खरे धरून पुढच्या संख्येसाठी सिद्ध करतात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरायचे, ही फसवणूक नाही का, असे त्याने विचारले. ही शंका घेणारा विद्यार्थी विचार करणारा असतो, असे मी मानते. पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज त्या जितक्या असतील त्या आकड्याच्या वर्गाइतकी असते, हे विधान आम्ही घेतले: १ + ३ + ५ = ९, म्हणजे ३ चा वर्ग. पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क चा वर्ग आहे असे धरले आणि पुढची विषम संख्या, म्हणजे २क + १, मिळवली, तर (क + १) चा वर्ग मिळतो. इथे विधान सर्व संख्यांसाठी गृहीत धरलेले नाही. ते एका पायरीवर खरे असेल तर पुढच्या पायरीवरही खरे ठरते, एवढेच दाखवले आहे. मग मी त्याला ‘प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येइतकी असते’ हे उघड खोटे विधान दिले. क = क + १ धरून दोन्ही बाजूंना १ मिळवला, तर पुढची पायरी बिनचूक निघते; पण १ = २ नसल्यामुळे पहिली पायरीच उभी राहत नाही. पहिली पायरी वेगळी का तपासायची, हे त्याला तिथे पटले.

आलेख सिद्धान्तासाठी (ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा अभ्यास) मी त्याच्या रोजच्या प्रवासातली नागपूर मेट्रो घेतली. स्थानके म्हणजे बिंदू आणि लगतच्या स्थानकांमधला मार्ग म्हणजे रेषा, असे धरून प्रत्येक रेषा बरोबर एकदाच वापरत सगळा आलेख पार करता येईल का, हा प्रश्न होता. क्योनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, याबद्दल गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ च्या निबंधात हाच प्रश्न सोडवला होता. उत्तर न पाहता त्याने आधी तीन-चार बिंदूंचे आलेख काढले आणि मग स्वतःच्या मराठीत लिहिले: सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू सोडला, तर ज्या बिंदूत एका रेषेने शिरतो त्यातून दुसऱ्या रेषेने बाहेर पडावेच लागते, म्हणून तिथल्या रेषा जोडीनेच संपतात, विषम रेषांचे बिंदू त्यामुळे दोनांहून अधिक असू शकत नाहीत. मेट्रोचे दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या सीताबर्डीला चार रेषा मिळतात, मधल्या स्थानकांना दोन, पण खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर आणि प्रजापती नगर या टोकांना एकेकच. विषम बिंदू चार झाले, म्हणजे असा प्रवास अशक्य. यानंतर त्याने स्वतःहून विचारले की हेच मार्ग पुढे वाढवले तर काय होईल, आणि टोके सरकली तरी ती चारच राहतील, हे उत्तरही त्यानेच दिले.

त्या आठवड्यात त्याने चाचणीचा निकाल बाबांना फोनवर सांगितला. पुढे सत्र परीक्षेत तो साधारण गुणांनी उत्तीर्ण झाला. क्रमचय आणि संचय (मांडणीचे आणि निवडीचे प्रकार मोजणे) यांत तो अजून अडखळतो, परंतु आता प्रश्न घेऊन येतो तेव्हा व्याख्या आणि दोन लहान उदाहरणे वहीत आधीच मांडलेली असतात, आणि आमचे बोलणे नेमक्या कोणत्या ओळीवर गाडी अडली तिथपासून सुरू होते.