वाचकांचे प्रश्न : परदेशी फॉरवर्ड

प्रश्न : आम्ही निपाणीची काही मंडळी मोसमात कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने पाहायला जातो. तालमींच्या संघांतून आफ्रिकेतील खेळाडू उतरले, की गॅलरीत हमखास कोणीतरी म्हणते, "भाड्याचा माणूस, आज इथे, उद्या तिथे." गोव्यातील आमचे पाहुणे मात्र तिथल्या धेंपो क्लबच्या रँटी मार्टिन्स यांचे नाव घरच्या माणसासारखे घेतात. अशा खेळाडूची कारकीर्द घडते तरी कशी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : गॅलरीतले बोलणे अर्धे खरे आहे, पण त्यात दोष खेळाडूचा कमी आणि कागदपत्रांचा जास्त असतो. व्यावसायिक क्लबकडे येणाऱ्या परदेशी फॉरवर्डचा, म्हणजे गोल करण्यासाठी आघाडीला खेळणाऱ्याचा, व्हिसा नोकरीचा असतो आणि तो त्या क्लबच्या कराराला बांधलेला असतो. करार बहुधा एका मोसमाचाच होतो. आधीच्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र आल्याशिवाय त्याला मैदानात उतरता येत नाही, आणि नोंदणीची मुदत टळली तर नोंदणी पुन्हा सुरू होईपर्यंत सराव करत बसावे लागते. पगार दोन महिने थकला, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडण्याची मुभा फिफाच्या नियमांत आहे. परंतु ती वापरली, की व्हिसाचा आधारच निघून जातो. अशा माणसाने उद्याचा क्लब आजच शोधून ठेवला, तर त्याला नावे कशी ठेवणार?

रँटी मार्टिन्स यांची गोष्ट वेगळी ठरली, ती ते एका जागी टिकले म्हणून. नायजेरियाचा हा खेळाडू २००४ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, धेंपोत आला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणाखाली धेंपोने राष्ट्रीय लीग आणि पुढे आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवली, त्या सगळ्या काळात आघाडीला रँटी होते. २०११-१२ च्या मोसमात संघाच्या वाट्याला २६ सामने होते आणि रँटी यांचे गोल झाले ३२. हा आकडा एकट्याच्या पायाचा मानू नये, असे माझे मत आहे. संघातला साथीदार क्लिफर्ड मिरांडा डावीकडून चेंडू कोणत्या क्षणी आत टाकणार, हे वर्षानुवर्षे शेजारी खेळलेल्या माणसाला मान वर न करताही कळते. दर मोसमाला गाव बदलणाऱ्याला ते शिकायलाच निम्मा मोसम लागतो. गोवा सोडल्यावर रँटी कोलकात्यात प्रयाग युनायटेडकडून, मग शिलाँगमध्ये आणि शेवटी ईस्ट बंगालकडून खेळले. गोल तिथेही केले, पण पाहुणे नाव घेतात ते धेंपोच्या रँटींचेच.

जाता जाता एक सुचवतो. पुढच्या सामन्यात दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका, फक्त फॉरवर्डकडे पाहा. मागच्या मोसमात शाहू स्टेडियमवर मी एका परदेशी खेळाडूला असेच पाहिले. त्याची पाठ गोलकडे होती आणि डावा हात मागे, बचावपटूच्या कमरेला जेमतेम टेकलेला. तो मागे न पाहता केवळ हाताने अंदाज घेत होता. बचावपटूने वजन ज्या पायावर टाकले, त्याच बाजूने तो वळला. गोल झाला नाही, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, आणि आमच्या मागची मंडळी त्याला "पैसे वसूल कर" म्हणून ओरडली.

प्रश्न : माझा मुलगा बेळगावात शाळेच्या संघात फॉरवर्डला खेळतो. परदेशी फॉरवर्डमुळे पुढे आपल्या मुलांची जागा जाते का?
— एक पालक, खानापूर

उत्तर : जाते, हे मान्य करायला हवे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानात एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०२१-२२ पासून ती संख्या चारवर आली. तरीही क्लब पहिला पैसा खर्च करतो तो मधल्या फॉरवर्डवरच, कारण एका गोलाने गुण मिळतात किंवा जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. व्यावसायिक क्लबांत मात्र तो बहुतेक वेळा बगलेवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, दिसला. तेव्हा मुलाला आत्ताच एका जागेला बांधू नका. त्याला बगलेवरही खेळू द्या आणि दोन्ही पायांनी मारायला लावा.

प्रश्न : इतकी वर्षे इथे खेळणारे हे फॉरवर्ड भारताकडून का खेळत नाहीत?
— एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इझुमी अराता यांनी जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि ते भारताकडून खेळले. त्यांचे वडील गुजराती. बेंगळुरूकडून खेळणारे, ऑस्ट्रेलियात जन्मलेले रायन विल्यम्स यांनीही २०२५ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले; त्यांचे भारताशी नाते आईकडून. ज्याचे रक्ताचे नाते नाही, त्याला मात्र नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारण बारा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अठराव्या वर्षी आलेला फॉरवर्ड अर्ज करण्याजोगा होतो तो तिशीत, म्हणजे बचावपटूला पहिल्या दहा पावलांत मागे टाकण्याची ताकद ओसरू लागते नेमकी तेव्हा.