महालक्ष्म्यांची आरास थर्माकोल न वापरता, झाडापाल्याची आणि शेतातल्या वस्तूंची घरी कशी करायची?

तुम्ही विचारलंय की संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहता, थर्माकोलचं मखर नको आणि तीन दिवस टिकेल अशी आरास घरच्या घरी कमी खर्चात कशी करायची. थर्माकोलच्या सजावटीवर तशी 2018 पासून राज्यात बंदीच आहे, तरी मिळतं ते सोडा. मी राहतो लातूरला, गाव औसा तालुक्यात. आमच्याकडं लक्ष्म्या (काहीजण गौरी म्हणतात) आजीच्याही आधीपासून बसतात पण आरास माझ्या गळ्यात पडली पाच-सहा वर्षांखाली, त्यामुळं जे सांगतोय ते बहुतेक आधी बिघडवून मगच शिकलेलं आहे.

लोकं काय करतात, मोबाइलवर फोटो बघतात आणि मग त्यातल्या वस्तू शोधत हिंडतात. त्यापेक्षा भादव्यात बांधावर काय उभं आहे ते बघा ना. सोयाबीन शेंगांनी भरलेलं असतं, तूर हिरवीगार, बाजरीची कणसं, तरवडाची पिवळी फुलं, आणि आघाडा-केना-दुर्वा तर पूजेलाच लागतात. पण माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे कुर्डू. सोयाबीनमधलं तण आहे, पांढरट-गुलाबी तुरे येतात, शेतकरी त्याला शिव्या घालतो आणि हल्ली तणनाशकामुळं कमी पण झालंय. त्याची गंमत अशी की वाळलं तरी तुरा झडत नाही, आकार तसाच राहतो. आठ दिवस आधी देठासकट आणायचं, पानं ओरबाडून टाकायची, जुडी करून उलटी टांगायची, बस. पाणी नको, फ्रिज नको, काही नको. (कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती पण करून बघा.)

आता कडबा. महालक्ष्म्यांच्या मागं आम्ही ज्वारीच्या धाटांचा पडदा करतो. शहरात कुठं मिळणार म्हणाल तर गावाबाहेर ज्याचा गोठा आहे त्याला एक पेंढी मागा, देतो माणूस. पण कडबा हा शाळूचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला काढलेला आणि त्यावर सगळा पावसाळा गेलेला, तर गंजीच्या मधली कोरडी पेंढी बघून घ्या, काळी पडलेली नको. पहिल्या वर्षी मी काय केलं, धाटं वाकवायला सोपी जावीत म्हणून रात्रभर हौदात भिजवली आणि तशीच ओली बांधली, वर आंब्याचे डहाळे खोवले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन जेवणाच्या दिवशी, सवाष्णी बसल्यात आणि खोलीत कुबट वास, मागं बघतो तर धाटांना पांढरी बुरशी. आई काही बोलली नाही, नुसती उदबत्तीवर उदबत्ती लावत राहिली, ते बोलण्यापेक्षा वाईट. तेव्हापासून नियम एकच, वाळलेलं आधी बांधायचं, ओलं त्याच दिवशी सकाळी लावायचं आणि दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, मधी कामट्यांची चौकट येऊ द्यायची. कामट्या म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, बुरुडाकडं मिळतात. आपल्याकडं सप्टेंबरला पाऊस जोर धरतो आणि फ्लॅटमध्ये खिडक्या बंद, त्यामुळं हे फारच महत्त्वाचं.

त्याच धाटातून तोरण निघतं, हे लेकरांकडून करून घ्या. चांगलं जाड पेर घ्यायचं, वरची कडक साल नखानं नाहीतर दातानं सोलायची (ती हात कापते, बारक्या लेकरांना सोलू देऊ नका), आत पांढरं मऊ भेंड राहतं. लहानपणी आपण त्याचीच बैलगाडी करायचो. भेंडाचे दोन-दोन बोटांचे तुकडे कापायचे. एका वाटीत हळद पाण्यात कालवायची, दुसऱ्या वाटीत तीच हळद आणि त्यात पानाच्या टपरीवरचा चुना चिमूटभर, ढवळलं की डोळ्यादेखत पाणी लालभडक होतं. कुंकू असंच हळदीला चुना लावूनच तर करायचे. तुकडा नुसता बुडवून काढायचा, भिजत ठेवला तर भेंड पाणी पिऊन लिबलिबीत होतं. मग कागदावर पसरून पंख्याखाली वाळवायचे, हळदीचा रंग उन्हात उडतो म्हणून सावलीतच. दुसऱ्या दिवशी सुईनं ओवायचे, एक पिवळा, एक लाल, मधी कुर्डूचा तुरा. लाल रंग नंतर विटतो पण आपलं काम तीन दिवसांचं आहे. चुन्याला लेकरांचे हात लागू देऊ नका, डोळ्यात गेला तर अवघड.

फुलोरा करता की नाही माहीत नाही, पण नसाल करत तर यंदा कराच, वरची बाजू भरायला त्याच्यासारखं काही नाही. करंज्या, पापड्या, वेणी, फणी असं सगळं पिठाचं करून तळायचं आणि दोऱ्यानं लक्ष्म्यांच्या डोक्यावर कामट्यांच्या जाळीला टांगायचं. भोक तळायच्या आधी काडेपेटीच्या काडीनं पाडायचं आणि काडी गोल फिरवून जरा मोठंच ठेवायचं, तेलात पीठ फुगतं आणि बारीक भोक बुजून जातं. तळल्यावर भोक पाडायला गेलात की वेणीचे दोन तुकडे. मुंग्या मात्र येतात, जाळी भिंतीला टेकू देऊ नका.

झेंडू आदल्या रात्री आणून ओवून ठेवला तर चालतो, फक्त ताजा दिसावा म्हणून वरून पाणी मारू नका, पाकळ्यांच्या बुडाशी पाणी बसतं आणि तिथूनच फूल काळं पडायला लागतं.

एक गोष्ट अजिबात आणू नका, गाजरगवत. पांढरी बारीक फुलं फार नाजूक दिसतात, रस्त्याकडंला फुकट असतात, माझ्या बहिणीनं एकदा हौसेनं कवळभर आणून खोवली आणि आठवडाभर दोन्ही हात खाजवत बसली. अंगावर चट्टे उठतात त्यानं.

आणि समई. तीन दिवस दिवा तेवत असतो आणि मागं वाळला कडबा, म्हणजे सरळ सरळ जाळच. समई पुढं, कडबा मागं, मधी कमीत कमी तीन फूट, आणि फॅनचा वारा ज्योत कडब्याकडं नेत नाही ना ते आधी बघा. फ्लॅटमध्ये जागा कमी असेल तर कडब्याचा पडदा सोडा, नुसतं भेंडाचं तोरण आणि फुलोरा करा.

बांधायला तार किंवा स्टेपलर वापरू नका. सुतळी घ्या नाहीतर केळीच्या सोपटाचे (खोडाच्या सालीचे) धागे, सोपट जरा ओलं करून फाडलं की लांब लांब निघतात. विसर्जनानंतर सुतळी कापून काढली की न रंगवलेला कडबा जिथून आणला त्याच गोठ्यात परत जातो, आणि त्यात तारेचा तुकडा राहिला तर तो जनावराच्या पोटात जाईल. रंगवलेलं भेंड जनावराला घालू नका, ते कुंडीत टाका.