लंडनचं रायमिंग स्लँग शिकतोयस ना, मग आधी एवढंच बघ

रायमिंग स्लँग म्हणजे एखाद्या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी शब्दांची जोडी वापरणं. सगळ्यात आधी हे पक्कं कर की जोडीतला यमक जुळणारा शब्द बोलताना बरेचदा गाळूनच टाकतात, आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो. 'हॅव अ बुचर्स' म्हणजे जरा बघ. मूळ बुचर्स हुक, हुकचं यमक लुकशी, पण हुक कोणी उच्चारतच नाही, त्यामुळे डिक्शनरीत खाटीक सापडतो आणि डोकं गरगरतं.

नेहमीच्या चुका:
- सगळीकडे शेपूट कापणं. फोनला 'डॉग अँड बोन' पूर्णच म्हणतात.
- एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं. 'लोफ' म्हणजे डोकं, कारण लोफ ऑफ ब्रेड, हेड. पण 'ब्रेड' म्हणजे पैसे, कारण ब्रेड अँड हनी, मनी. पाव तोच, पण अर्थाचा काही संबंध नाही, म्हणून पूर्ण जोडीच पाठ कर.
- 'बर्क' बिनधास्त वापरणं. मूर्ख या अर्थाने सौम्य वाटतो पण मूळ जोडी घाणेरड्या शिवीची आहे.

ईस्ट एंडमधला (लंडनचा पूर्व भाग) 1840च्या आसपासचा उगम, तिथल्या कॉकनी बोलीचे उच्चार वगैरे नंतर बघू. सध्या पाच-सहा जोड्या घे आणि बोलायची घाई न करता नुसतं ऐक, मस्त जमेल तुला!