वाचकांचे प्रश्न : पुरस्काराच्या यादीत सुधारलेली शाळा कुठे असते?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड; आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर असतात. तीन वर्षांपूर्वी चौथीतल्या निम्म्या मुलांना सलग परिच्छेद वाचता येत नव्हता, आज दोन-तीन मुले सोडली तर सगळी वाचतात. तरीही शासनाच्या अभियानात आमचा क्रमांक येत नाही. सुधारणा करणाऱ्या शाळांसाठी शासनाची वेगळी दखल नसते का?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अभियानात शाळांना गुण देण्यासाठी वापरलेल्या गुणपत्रिकेच्या रचनेत दडलेले असल्यामुळे आधी तीच पाहू. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाचा पहिला टप्पा १ जानेवारी २०२४ पासून झाला आणि दुसरा त्याच वर्षी ५ ऑगस्टपासून. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा एका गटात आणि उर्वरित व्यवस्थापनांच्या शाळा दुसऱ्या गटात अशी विभागणी होती, तर राज्यस्तरावरील पहिले बक्षीस ५१ लाख रुपयांचे होते. दुसऱ्या टप्प्यातील १५० गुणांपैकी पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३ गुण ठेवले होते. म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काय येते, याच्या वाट्याला एक तृतीयांशाहूनही कमी गुण आले. शिवाय मूल्यांकन समिती येते त्या दिवशी शाळा कुठे उभी आहे, हे अशा गुणपत्रिकेत दिसते. ती कुठून निघाली होती, हे दिसत नाही. रंगवलेल्या भिंती आणि परसबाग एका फेरीत नजरेत भरतात. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीने मराठी जोडाक्षरे वाचायला घेतलेली दोन वर्षे त्या फेरीत कशी दिसणार?

शाळा कुठे उभी आहे आणि तिने किती सुधारणा केली, हे दोन निकष वेगळे ठेवता येतात, याचे उदाहरण बाहेर सापडते. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या ‘ब्लू रिबन’ शाळा उपक्रमात पुढे दोन स्वतंत्र वर्ग करण्यात आले : एक सर्वोच्च कामगिरीच्या शाळांचा आणि दुसरा विद्यार्थिगटांमधली संपादणुकीची दरी कमी करणाऱ्या शाळांचा. दुसऱ्या वर्गामुळे गरीब वस्तीतल्या शाळेला श्रीमंत वस्तीतल्या शाळेशी थेट झुंजावे लागत नसे. (तिथल्या केंद्रीय शिक्षण विभागाने हा उपक्रम २०२५ मध्ये बंद केला, तरी वर्गवारीमागचा विचार त्यामुळे बाद होत नाही.) आपल्याकडे २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयात प्रत्येक मूल शिकले पाहिजे, हा आग्रह होता आणि माझ्या मते तो या विचाराच्या बराच जवळचा होता. मात्र शाळेवर ‘प्रगत’ हा शिक्का लवकर मिळवण्याची घाई पुढे अनेक ठिकाणी शिकवण्यापेक्षा वरचढ ठरली, हेही सांगितले पाहिजे.

आज आपल्या हाती असलेले उपयोगी साधन म्हणजे ‘शाळासिद्धी’. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आणलेल्या या आराखड्यात ७ क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके आहेत. प्रत्येक मानकावर शाळेने स्वतःला तीनपैकी एका स्तरावर ठेवायचे असते आणि पुढची सुधारणा कोणती, हेही लिहायचे असते. यात बक्षीस नाही, त्यामुळे अनेक शाळा तो अर्ज एका संध्याकाळी भरून मोकळ्या होतात. आपण तसे करू नये, कारण सुधारणेचा दावा मांडायचा तर सुरुवातीची नोंद लागते आणि ती नंतर तयार करता येत नाही.

ही नोंद करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, तुलना त्याच मुलांची असावी. गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी यांची तुलना केली तर बदल शिकवण्याचा की तुकडीचा, हे कळत नाही. वर्षाच्या आरंभी प्रत्येक मूल अक्षर, शब्द, वाक्य की परिच्छेद वाचते, हे लिहून ठेवावे आणि तोच तक्ता मार्चमध्ये पुन्हा भरावा. दुसरी, लहान पटाच्या वर्गात टक्केवारी टाळावी. बारा मुलांच्या वर्गात दोन मुले पुढे सरकली की सतरा टक्के वाढ दिसते, आणि दोन मुले गाव सोडून गेली तरी टक्केवारी बदलते. ‘बारापैकी पाच वाचत होती, आता दहा वाचतात’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे आणि अधिकाऱ्यांनाही चटकन समजते. हा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात घ्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यासमोर नोंदलेल्या आकड्याला कागदोपत्री म्हणून उडवून लावणे सोपे नसते.

प्रश्न : आमची शाळा शंभर टक्के अनुदानित खाजगी आहे. ‘पीएम श्री’साठी अर्ज करता येईल का? (एक शिक्षक, बार्शी)

उत्तर : नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली, निवडक शाळा आदर्श म्हणून विकसित करण्याची ही योजना केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी चालवलेल्या शाळांसाठी आहे. देशभरात १४,५०० हून अधिक शाळा आणि एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन, अशी तिची व्याप्ती आहे. पात्र शाळांची यादी यू-डायसमधील, म्हणजे शाळांच्या माहितीच्या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदीतील, माहितीवरून ठरते. त्यामुळे ज्यांची शाळा पात्र गटात बसते, त्यांनी ती माहिती लिपिकावर सोपवून निश्चिंत राहू नये.

प्रश्न : एका संस्थेचा प्रतिनिधी आमच्या शाळेला ‘आयएसओ मानांकन’ मिळवून देतो म्हणून लोकवर्गणीतून पैसे मागतो. हे शासनाचे मानांकन आहे का? (शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, अक्कलकोट तालुका)

उत्तर : नाही. आयएसओ ही मानके तयार करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्रे देतात त्या शुल्क घेणाऱ्या स्वतंत्र संस्था, आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो. आपल्या भागात या पाट्या खूप दिसतात आणि तयारीच्या निमित्ताने काही शाळांची दप्तरे खरोखर नीट लागली, हे मान्य केले पाहिजे. पण तपासणी प्रामुख्याने कामाच्या पद्धतीची असते, मुलांच्या वाचनाची नव्हे. सीमेवरच्या आपल्या गावात घरी कन्नड बोलणारी मुले असतील, तर तीच वर्गणी दोन्ही भाषांतल्या गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च करावी, असे मी सुचवेन.