आईला त्र्यंबकला न्यायचंय, झेपेल का?

प्रश्न: ताई, आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. श्रावणात त्र्यंबकेश्वरला न्यायचं म्हणतोय, जमेल का तिला?

उत्तर: नक्की न्या, फक्त श्रावणी सोमवार टाळा हो, रांगेत तासन् तास जातात. नाशिकहून साधारण 28 किलोमीटर, एसटी मिळते. काळ्या दगडाचं देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं, आणि आईंना आधीच सांगून ठेवा की इथे पिंड वर आलेली नाही, खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा विष्णू महेश, ती आरशातून बघायची, नाहीतर माझ्या आईसारखं ‘दिसलंच नाही गं’ म्हणत बाहेर येतील. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या नकोतच. कुशावर्त कुंडाचं पाणी डोळ्यांना लावू दे, आणि निवृत्तिनाथांची समाधी अजिबात चुकवू नका.