आमटीतली गोळी

"मॅडम, आता तो बरा आहे. मग गोळ्या अजून किती दिवस?" स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांकडून हा प्रश्न सतत येतो. तो ऐकला की मला अमोलची आई आठवते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अमोल २६ वर्षांचा, एमआयडीसीत लेथवर कामाला. आजारपण सुरू झालं तेव्हा शेजारी आपल्या पाण्यात काहीतरी कालवतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. औषधांनी ते ओसरलं, वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी तुळशीला पाणी घालताना आईला मातीत अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या दिसल्या. दहा-बारा तरी असतील. त्या माउलीने घाबरून जे केलं, ते मी कितीतरी घरांत पाहिलंय. गोळी कुटायची आणि आमटीत ढवळायची.

आमटी कडू लागली म्हणून अमोल उठून स्वयंपाकघरात गेला, तर आईच्या हातात पुडी. त्या दिवसापासून तो घरचं जेवेना. अन्नात कुणीतरी काहीतरी घालतंय ही ज्याच्या आजारातली भीती, त्याच्यापुढे आपण ती खरी करून ठेवली होती. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या. "मग मी करायचं तरी काय होतं?" त्यांना दोष देणं मला जमलं नाही, आजही जमत नाही. पण गोळी लपवून देऊ नका, हे मी तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगते.

अमोलशी एकट्याशी बोलले. गोळी का नको, हे त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं बारीक थरथरत होती. "व्हर्नियर धरला की असं होतं. माप चुकतं, जॉब रिजेक्ट होतो. सुपरवायझर विचारतो, पिऊन आलास का? सकाळी सातची शिफ्ट, डोकं इतकं जड की उठवत नाही. कानात येणारे भासाचे आवाज गेले मॅडम, पण नोकरीही चाललीय."

ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम रोखतात, म्हणून आवाज आणि संशय कमी होतात. पण हालचालींवर ताबा ठेवायलाही डोपामिनच लागतं. म्हणून कंप येतो, अंग आखडतं. हे समजल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. आपला हात बिघडलाय असंच तो धरून चालला होता.

मग मी आकडेही त्याच्यापुढे ठेवले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, औषधाऐवजी प्लॅसिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. ते २७ मी त्याच्यापासून लपवले नाहीत. गोळी सोडल्यावर लगेच काही होत नाही आणि तिथेच माणूस फसतो, हेही सांगितलं.

त्याने स्वतःच्या हाताने तक्रारी कागदावर लिहिल्या: कंप, झोप, वाढलेलं वजन. तो कागद घेऊन आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी औषध हळूहळू बदललं, रात्रीचा डोस लवकर घ्यायला सांगितला. पुढे अमोलने महिन्यातून एकदाचं इंजेक्शन निवडलं. रोजचं "घेतलीस का?" त्याला नको होतं, आणि खरं तर आईलाही.

किती दिवस? पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही किमान एक-दोन वर्षं, आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून जास्त. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

परवा अमोल शिफ्ट सुटल्यावर तसाच आला, नखांत ऑइल. खूप दमला की आवाज अजून कुजबुजतो, म्हणाला. आमटीचं मी भीतभीतच विचारलं.

"खातो की. पण पातेल्यातून माझी मी वाढून घेतो."